अंबूबाईंच्या अंगातलं सोनं

वैद्यकशास्त्राची प्रगती डॉक्टरांच्या बुद्धीवर होते, असा एक जुना समज आहे. तो निराधार आहे. ती रोग्यांच्या स्वभावावर होते, आणि सांगली-साताऱ्याकडच्या रोग्यांचा स्वभाव लक्षात घेता तिथे ती मधल्या काळात फार झपाट्याने झाली यात नवल नाही.

पलूसच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात सुभेदार नाथाजी नलवडे यांचं घर होतं. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आले होते आणि घराला फौजेची शिस्त लावायचा प्रयत्न करत होते. घर त्यांना सांभाळून घेत होतं. त्यांची बायको अंबूबाई. या बाईच्या भाकरीचं आख्ख्या भावकीत नाव होतं. लग्नकार्यात आचारी बाहेरचा आला तरी भाकरीला अंबूबाईच बसायच्या, आणि त्या बसल्या की बाकीच्या बायका आपापली परात घेऊन जरा लांब सरकायच्या. बहात्तरचा दुष्काळ सरला, ऊस पुन्हा उभा राहिला आणि त्याच सुमाराला अंबूबाईंच्या बोटांची पेरं सुजायला लागली. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठलं की हात लाकडासारखे. गोठ्यावर ऊन येईतोवर मूठ म्हणून वळायची नाही.

उपचारांत कुचराई झाली असं कुणी म्हणू नये. निरगुडीचा पाला बांधून झाला (हिरवे डाग राहिले, सूजही राहिली). बिब्बा घालून झाला (सुजेवर फोड उठले, त्यामुळे सूज दिसेनाशी झाली). वडूजकडचा एक हाडवैद्य आला, त्याने हाडं जागच्या जागी असल्याचं सांगितलं, पण एवढं लांब आलोच आहे म्हणून दोन बोटं ओढून गेला. औंधच्या यमाईला नवस बोलून झाला. देवीचा निर्णय विचाराधीन होता.

शेवटी चूल धाकटी जाऊ मनुबाई हिच्याकडे गेली. मनुबाईची भाकरी जाड असे आणि कडेला कच्ची असे, पण अंबूबाईंचं दुखणं ते नव्हतं. दुखणं होतं मनुबाईच्या दयेचं. "ऱ्हावू द्या आक्का, तुमी बसा," असं ती दिवसभर म्हणे, आणि शेजारच्या बायका आल्या की जरा मोठ्याने म्हणे. संधिवातावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. जावेच्या दयेवर एक ओळ नाही.

अशा वेळी सांगलीच्या एका इस्पितळात डॉ. गोपाळकृष्ण मेहेंदळे विलायतेहून परतले. ते अत्यंत सज्जन होते. रोग्याला अहो-जाहो करायचे, इंजेक्शन द्यायच्या आधी माफी मागायचे आणि नंतर आभार मानायचे. विलायतेत सांधे सुजण्याच्या रोगावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं देत. ती आपल्याकडच्या माणसांना कितपत लागू पडतात, यावर त्यांनी एक शास्त्रशुद्ध अभ्यास काढला आणि त्यासाठी रोगी गोळा केले. सुभेदारांनी अंबूबाईंना तिथे नेऊन भरती केलं. (शब्द सुभेदारांचा.)

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवून नियम समजावले. निम्म्या जणांना सोनं मिळेल, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते रोग्याला कळणार नाही आणि इंजेक्शन देणाऱ्यालाही कळणार नाही. त्याची यादी मुंबईला एका कपाटात कुलपात राहील. हे ऐकून लोक उठून जातील अशी डॉक्टरांना धास्ती होती. एकही उठला नाही. लाभाचं वाटप होतं, तो कुणाला झाला ते कळत नाही आणि यादी परगावी कुलपात असते, ही पद्धत लोकांना गावच्या सोसायटीमुळे पाठ होती. देणाऱ्यालाही कळत नाही, एवढाच भाग नवीन होता, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

पुढचे नियम डॉक्टरांनी बोटांवर मोजून सांगितले. इस्पितळातून मिळेल तेवढीच गोळी घ्यायची, बाहेरची नाही. प्रत्येक खेपेला लघवीची बाटली आणायची. आणि अंगाला खाज सुटली, तोंड आलं किंवा लघवीला फेस आला, तर लपवायचं नाही, ताबडतोब सांगायचं. सोनं काहींना बाधतं, मूत्रपिंडावर जातं. मग इंजेक्शन बंद करावं लागतं.

लोकांनी यातलं शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवलं.

मोजमापाचं काम विनोदिनीबाई करत. त्या वाईच्या, अविवाहित आणि काटेकोर होत्या. त्या आधी सांधे एकेक करून दाबत आणि दुखलं का विचारत. मग सोनाराकडे असतात तशा पितळी वळ्यांतून बोटं घालून बघत (यावरून सोनं पुढे अंगठीच्या रूपाने मिळणार अशी काही काळ अफवा होती). मग रबरी पिशवी. ती पाऱ्याच्या नळीला जोडलेली असे. रोग्याने मुठीत धरून आवळायची, पारा जितका चढेल तितका गुण. आणि शेवटी प्रश्न, सकाळी अंग किती वेळ आखडलेलं असतं. अंबूबाई म्हणाल्या, गोठ्यावर ऊन येईतोवर. विनोदिनीबाईंना ते मिनिटांत हवं होतं. गोठ्याच्या तोंडापुढे सुभेदारांचं चिंचेचं झाड होतं, त्यामुळे तिथे ऊन उशिरा येई, पण त्याचा विचार शास्त्रात बसत नव्हता. सुभेदारांनी मग मिनिटांचा आकडा आपल्या मनाने सांगून टाकला.

सुरुवातीच्या खेपांना पारा हलला नाही. इथेच डॉक्टरांच्या सज्जनपणाने घात केला. पारा हलला नाही की ते चष्मा काढत, पुसत, खिडकीतून बाहेर बघत आणि म्हणत, "हरकत नाही. बरं वाटतंय ना?" तो चेहरा बघवत नसे. एवढा शिकलेला माणूस, साता समुद्रापलीकडून आपल्यासाठी परत आला, आणि आपल्याच्याने त्याला एवढंसं सुख देववत नाही.  परतीच्या यष्टीत पलूसचा फाटा आल्यावर अंबूबाई म्हणाल्या, "पोरगं नापास झाल्यागत तोंड करतोय वो त्यो."

तिसऱ्या का चौथ्या खेपेला त्यांनी दात आवळून पिशवी दाबली. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण पारा चढला. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की अंबूबाईंना आपण कुणाला तरी गरम भाकरी वाढल्यासारखं वाटलं. असं त्यांना बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

हा शोध एकट्या अंबूबाईंना लागला होता असं नाही. जतकडचा बिराप्पा नावाचा एक जुना पैलवान या अभ्यासात होता. त्याचे गुडघे आणि मनगटं गेली होती, पण तालमीतलं ज्ञान शाबूत होतं. तो व्हरांड्यात सगळ्यांना मूठ आवळायची रीत शिकवू लागला. पिशवी बोटांनी दाबायची नाही, तळव्याच्या बुडाने दाबायची. श्वास छातीत कोंडायचा आणि डोळे पाऱ्यावर ठेवायचे. "दुखनं दुखू दे की. पारा खाली येऊ द्यायचा न्हाई," असं तो समजावी. सुभेदारांनी ही रीत घरी नेली आणि ओल्या पंच्याचा बोळा करून रोज सकाळी बायकोकडून कवायत करून घेऊ लागले. शिवाय सांगलीच्या स्टँडवर उतरलं की बहुतेक मंडळी आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेत आणि चहाबरोबर गिळून मग इस्पितळात येत. बाहेरची गोळी घेतली का, या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच असे. इतकं एकमत त्या भागात दुसऱ्या कुठल्याही प्रश्नावर झालेलं नाही.

लघवीच्या बाटलीचंही समाधानकारक चाललं होतं. असली वस्तू घेऊन भर यष्टीत बसायला अंबूबाईंनी पहिल्या दिवशीच साफ नकार दिला होता. तेव्हा सुभेदारांनी ती जबाबदारी आपल्याकडे घेतली. फौजेत असल्या तपासण्यांची त्यांना सवय होती. ते पहाटे स्वतः बाटली भरत, बूच लावत, वर्तमानपत्रात गुंडाळत आणि काखेतल्या पिशवीत उभी धरून नेत. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. इस्पितळाने घरातून बाटली मागितली होती, घराने दिली होती. प्रत्येक खेपेला लघवी निर्दोष निघे आणि सुभेदार मनातल्या मनात छाती काढत.

गावात इकडे अंबूबाईंचं वजन वाढलं होतं. ज्या बाईच्या अंगात दर आठवड्याला सोनं टोचतात तिच्याशी लोक जपून बोलू लागले. मनुबाईची दया आटली. "मिठाचं पानी बी आसंल की त्ये," असं ती एकदा बोलून गेली, तेव्हा भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांनी तिलाच दटावलं. नुसतं मीठ असतं तर पारा चढला असता का? एक चुलत दीर सुभेदारांना बाजूला घेऊन विचारून गेला की पुढे कधी काळी, म्हणजे देव करो आणि तशी वेळ न येवो, पण आली तर राख चाळून घ्यावी लागेल का.

आखाडात अंबूबाईंच्या अंगाला खाज सुटली. मग तोंड आलं. आधी जिभेच्या कडा सोलल्या, मग गालांना आतून फोड आले, तिखट सोडाच, कोमट पाणीही झोंबायला लागलं. अंबूबाईंना डॉक्टरांचे शब्द आठवले आणि त्यांना अतिशय आनंद झाला. आपल्याला सोनंच मिळतंय. आता मुंबईचं कपाट उघडायची गरज उरली नव्हती. त्यांनी ही गोष्ट फक्त सुभेदारांना सांगितली. सुभेदार विचारात पडले, म्हणाले, डॉक्टरांना सांगायला पाहिजे, तसा हुकूम आहे.

"सांगितलं की बंद करत्याल," अंबूबाई म्हणाल्या. "आन त्यांची ती मोठ्या डॉक्टरांपुढची सभा दिवाळी झाल्यावर हाय. आता मोडता घालायचा व्हय?"

सुभेदारांनी आयुष्यात बऱ्याच हुकमांची तामिली केली होती. दोन हुकूम एकमेकांच्या आड आले तर जवळच्या अधिकाऱ्याचा पाळावा, एवढं त्यांना कळत होतं.

खाजेची बातमी तरी फुटलीच. व्हरांड्यात अंबूबाई दंड खाजवताना बिराप्पाने पाहिलं आणि पुढच्या खेपेला तोही खाजवत आला. महिन्याभरात अभ्यासातला एकही रोगी खाजेवाचून उरला नाही. मिठाच्या पाण्याने खाज सुटल्याचं जगात अन्यत्र कुठे आढळलेलं नाही. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं की मात्र सगळे हात मांडीवर ठेवून बसत. दुष्परिणामांच्या रकान्यात विनोदिनीबाईंनी शून्य लिहिलं.

भाद्रपदापासून अंबूबाईंचं तोंड सुजायला लागलं, पाय सुजायला लागले. पायातली जोडवी रुतली. विनोदिनीबाईंनी नोंद केली की चेहरा भरला आहे आणि वजन समाधानकारक वाढलं आहे. घरी सुभेदारांनी बायकोच्या नडगीवर बोट दाबून पाहिलं, तर खळगा तसाच राहिला. त्या दिवशी त्यांनी पंच्याचा बोळा तिच्या हातात दिला नाही. अंबूबाईंनीच मागून घेतला.

दिवाळीनंतर सांगलीत डॉक्टरांची परिषद भरली. मुंबईहून या विषयातले मोठे प्राध्यापक आले होते. ज्या रोग्याचा पारा सर्वांत समाधानकारक चढला त्याला सभेपुढे आणायचं ठरलं. बिराप्पाचा पारा खरं तर सर्वांत वर होता, पण पैलवानाने मूठ आवळली यात लोकांना विशेष वाटणार नाही म्हणून अंबूबाईंची निवड झाली. त्यांना इरकल नेसवून, खुर्चीवर बसवून, हातात रबरी पिशवी देण्यात आली. खुर्चीपर्यंतचं अंतर त्यांनी कसं कापलं ते फक्त मागे उभ्या असलेल्या सुभेदारांना माहीत होतं. त्यांनी श्वास कोंडला, डोळे पाऱ्यावर ठेवले आणि आवळलं. पारा चढला. सभेने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर मेहेंदळ्यांनी चष्मा काढला, या वेळी आनंदाने. प्राध्यापकांनी पुढे येऊन अंबूबाईंशी हस्तांदोलन केलं आणि मग, एवढी वर्षं रोगी तपासायची सवय म्हणून, "जीभ दाखवा बघू," असं सहज म्हणाले.

अंबूबाईंनी मान हलवून नको म्हटलं. प्राध्यापक हसले आणि लहान मुलाला सांगावं तसं पुन्हा म्हणाले. मग सभेपुढे बरं दिसेना म्हणून अंबूबाईंनी तोंड उघडलं. प्राध्यापकांचं हसू गेलं. त्यांनी खाली वाकून नडगीवर बोट दाबलं आणि ते बाजूला झाले.

डॉक्टर मेहेंदळे खुर्चीपुढे उकिडवे बसले. त्यांनी बराच वेळ त्या तोंडात बघितलं.

"हे कधीपासून आहे?"

"आखाडापासनं."

"मग सांगितलं का नाही? मी पहिल्या दिवशी बजावलं होतं."

अंबूबाईंना बोलायला त्रास होत होता, पण डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून त्या शक्य तितक्या स्पष्ट बोलल्या. "तुमी लय कष्ट घेतलंसा डॉक्टरसायेब. म्हटलं, आदी तुमचं हू द्यावं. माजं काय, मागनं बघता येतंय."

 डॉक्टर विनोदिनीबाईंकडे वळून म्हणाले, पण लघवी तर दर वेळी स्वच्छ होती. तेव्हा मागे सुभेदार टाचा जुळवून उभे राहिले.

"ती माझी व्हती, सर."

अशा प्रकारे त्या अभ्यासातून सुभेदार नाथाजी नलवडे यांची मूत्रपिंडं उत्तम असल्याचं निर्विवाद सिद्ध झालं.

अंबूबाईंना त्याच इस्पितळात ठेवून घेतलं. पुढचे दिवस वाईट गेले. पाय, पोट, डोळ्यांच्या पापण्या पाण्याने फुगल्या. आडवं पडलं की श्वास लागायचा, म्हणून त्यांना बसवून ठेवत. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत. सुभेदार बाहेरच्या बाकावर बसून असत. एका दुपारी त्यांनी डॉक्टरांना थांबवून विचारलं, बाटली खरी आणली असती तर इथवर आलं असतं का? डॉक्टर खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, नसतं आलं. मग तेही बाकावर बसले. तिथेच डॉक्टरांनी आपलीही चूक त्यांना सांगितली. पारा चढला नाही की मी तोंड पाडायचो, आणि तोंड पाडायचा मला काही एक अधिकार नव्हता.

मनुबाई भाकरी घेऊन आली. दुधात कुस्करून, गाळून, अगदी लापशीसारखी करून चमच्याने भरवली. दयेचा शब्द तोंडातून निघाला नाही. फक्त जाताना म्हणाली, "आक्का, तुमी मेलासा तर मला ह्या घरात बोल लावायला कोन ऱ्हानार न्हाई." अंबूबाईंना हे फार आवडलं.

संक्रांत झाल्यावर सूज उतरली. डॉक्टरांनी यादी मागवून घेतली. अंबूबाईंना सोनं मिळत होतं. बिराप्पाला मीठ. ही बातमी ऐकून बिराप्पा अतिशय दुखावला. मुंबईच्या कपाटात अदलाबदल झाली असणार असं त्याने जाहीर केलं, पण त्याची मूठ तेव्हापासून जी उतरली ती पुन्हा वर आली नाही. बाकीचेही एकेक करून डॉक्टरांच्या खोलीत आले आणि मान खाली घालून गोळ्यांचं, खाजेचं सांगून गेले. मिठाच्या गटातही सोन्याच्या गटाइतकीच सुधारणा झाली होती, आणि दोन्ही गटांत ती झालेलीच नव्हती.

डॉक्टरांनी घडलं तसं सगळं लिहून नियतकालिकाकडे पाठवलं. निबंध साभार परत आला. रोग्यांच्या भिडस्तपणाचं कोणतंही मान्यताप्राप्त मापन उपलब्ध नाही, असा अभिप्राय होता. मुंबईच्या प्राध्यापकांनी मात्र सभेत घेतलेल्या नोंदींवरून आपला निबंध छापून आणला. त्यात अंबूबाईंच्या मुठीची नोंद जीभ बघण्याआधीची असल्यामुळे 'सुधारणा उत्कृष्ट' या सदरात गेली. पुढचं सगळं अभ्यास संपल्यानंतरचं म्हणून वगळण्यात आलं.

डॉक्टर मेहेंदळ्यांनी 'बरं वाटतंय ना?' यातला 'ना' काढून टाकला. त्यांना तो काढायला फार जड गेलं. अंबूबाईंना घरी सोडताना त्यांनी साध्या गोळ्या दिल्या, सकाळी गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं आणि एकच अट घातली. विचारलं की खरं सांगायचं.

अंबूबाईंनी ही अट सगळ्या जगाला लागू धरली. वाटेत कुणी 'कसं काय?' म्हटलं की त्या त्याला बसवून घेत आणि मानेपासून सुरुवात करत. घोट्यापर्यंत आल्याशिवाय सोडत नसत. लोक मागच्या गल्लीने जायला लागले. अंगातल्या सोन्याचा दबदबा जाऊन त्या आता किरकिऱ्या म्हणून प्रसिद्ध झाल्या. घरात मात्र उलट झालं. मनुबाईने एकदा सवयीने विचारलं आणि पुरतं ऐकून घ्यावं लागलं, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आक्कांचं दुखतं म्हणजे नेमकं काय होतं. दुसऱ्या दिवशी ती परात घेऊन त्यांच्या पुढ्यात बसली. म्हणाली, तुमी सांगा, मी थापते. अंबूबाई सांगू लागल्या. त्या सांगण्यात मनुबाईच्या माहेरचाही बराच उद्धार झाला, पण चार-सहा महिन्यांत भाकरी पातळ झाली. हात मात्र बरे झाले नाहीत. तेही अंबूबाई विचारणाऱ्याला सांगत.

बाई फारच पाल्हाळ लावते, विचारलं म्हणून का कुणी एवढं सांगतं, असं तुम्हालाही वाटलं असेल. साहजिक आहे. मागच्या खेपेला तुमच्या डॉक्टरांनी मान वर न करता 'नव्या गोळीने बरं वाटतंय ना?' असं विचारलं, तेव्हा बाहेर ताटकळलेल्या लोकांचा विचार करून तुम्ही शहाण्यासारखं 'पुष्कळ फरक आहे' म्हणालात आणि टेबलावरून उतरलात. जिन्यात कठडा धरून किती वेळ उभे होतात ते त्यांना दिसायचं कारण नव्हतं. तुमच्या त्या उत्तराची नोंद झाली आहे, आणि तुमच्यासारख्या पुष्कळांच्या अनुभवाचा आधार घेऊन तीच गोळी आता तुमच्या आईला लिहून दिलेली आहे.